गनमेटल

डिसेंबरात सकाळी सहाला ड्रम हलायचा नाही.
मोटर कण्हायची, पट्टा घसरायचा,
कुपवाड रोडच्या आमच्या शेडमध्ये
गिअरबॉक्समधलं तेल काकवीसारखं बसून असायचं.
मे महिन्यात तेच तेल सीलमधून ठिबकायचं
आणि मी खाली पत्र्याचा डबा सरकवून
हळकुंडांच्या खडखडाटात हिशेब लिहायचे.

अण्णांनी किल्ल्या दिल्या तेव्हा म्हणाले होते,
हळद कळते तुला. मशीनचं बाबालालला विचार.

मी विचारलं नाही.
पुण्याहून एक मुलगा आला, कडक इस्त्री, हातात तक्ता.
म्हणाला, मॅडम, हे ट्रकच्या डिफरन्शियलला पुरून उरतं,
तुमचा ड्रम म्हणजे याला किरकोळ काम.
वीस लिटरची बादली, वर स्टीलचा डबा फुकट.
डबा मी घरी नेला. त्यात अजून शेंगदाणे असतात.

सात महिन्यांनी तेल काढलं
तर धारेत पिवळी चमक.
हळद गेली असेल आत, मी म्हटलं.
इथे पिवळं काय नाही?
हमालांच्या भुवया, पावतीबुकाच्या कडा,
वजनकाट्यावरचे आकडे, मांजरीचे पंजे.
बँकेतली कॅशियरसुद्धा नोटा हुंगून सांगते, तुमच्याच ना.

बाबालाल शिकलगार लुनावरून आला,
हँडलला किटली, कॅरिअरला ग्रीसगन बांधलेली.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
मिरजेच्या दवाखान्याची तारीख दोनदा चुकवलेली.
त्यानं बघितलंच नाही.
बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं.
"गंधक," म्हणाला.
आणि पुन्हा चोळत राहिला, बराच वेळ,
जसं काही कुणाची नाडी सापडत नाहीये.
"हळद बोटात मऊ पडती, बेबीताई.
ह्ये मऊ पडंना.
ह्ये तुझं चाक हाय."

झाकण काढलं.
गनमेटलच्या चाकाचे दात
उंदरानं कुरतडलेल्या भाकरीच्या कडेसारखे.

"लोखंडावर लोखंड घासतं तितं ह्ये तेल राजा.
हितं तापलं की त्यातलं गंधक गनमेटल खातं.
तेल वाईट न्हाई गं. घर चुकलं त्येचं."

मग दोन दिवस तो शेडभर फिरला, मी मागे वही घेऊन.
दळणयंत्राच्या बेअरिंगमधून मूठभर ग्रीस बोटानं ओढून काढलं:
"पावण्याला वाढतीस का? तिसरा हिस्सा बास.
पळणाऱ्याच्या पोटात जागा पायजे."
हिरवं ग्रीस होतं तिथे पिवळं भरू दिलं नाही;
दोन्ही चांगली, पण एकत्र आली की
ताकासारखी पातळ होऊन वाहून जातात, म्हणाला,
आणि स्वतःच्या थोरल्या सुनेबद्दल काहीतरी बोलणार होता, थांबला.
पुराच्या साली सांगलीवाडीच्या गोदामात
गिअरबॉक्स उघडले तर आत दुधाचा चहा निघाला होता,
ते सांगितलं. तेव्हापासून नदीकडच्या पंपाला
पाण्याला न भिणारं चुन्याचं ग्रीस, तेवढंच.
ड्रमला मऊ स्वभावाचं तेल आणलं, चरबीचा अंश असलेलं.
थंडीचं काय, मी विचारलं.
"खाली दोनशेचा बल्ब लाव, अर्धा तास.
म्हातारं मानूस हाय त्ये, उठाय येळ लागतो."

नवं चाक कोल्हापूरहून ओतून आणलं.
त्याचा खर्च मी वहीत लिहिला नाही.
जुन्या तेलाची बाटली मात्र खिडकीत ठेवली,
का ते माहीत नाही. धूळ बसली. तीही पिवळी.

मार्चात तो आला, पायी,
हिरवी पट्टी काढून काळा चष्मा लावलेला.
बाटली उचलली, उन्हात धरली,
हलवली.
तळातून सगळं उठलं, गरगरलं, सोन्यासारखं.
चष्मा कपाळावर सारून तो
माझ्याकडे बघत राहिला.

"एवढं चमकत हुतं?
आन् तुला तर दिसत हुतं की."